बोट दाखवूनही चापडा का दिसला नाही?

प्रश्न थोडक्यात असा. जुलैत तुम्ही आंबोलीला रात्रीच्या फेरीला गेलात. गाईडने टॉर्च मारून कारवीच्या झुडपात चापडा साप दाखवला. बरोबरच्या सगळ्यांना तो दिसला, तुम्हाला काही केल्या दिसेना. शेवटी अंदाजाने मोबाइल रोखून एक फोटो काढलात आणि घरी जाऊन तो मोठा करून बघितला तेव्हा कुठे साप सापडला. आता तुम्ही विचारताय, की हे प्राणी रंग बदलतात का, तुमच्या नजरेत काही खोट आहे का, आणि कोकणात फिरताना नजर तयार करायची तर कशी.

आधी मधला प्रश्न. नजरेत खोट नाही. मी तळकोकणात पंचवीस वर्षं लोकांना सडे (जांभ्या खडकाची उघडी पठारं), राया (झाडांची दाट बनं) आणि खाड्या दाखवत हिंडतोय, आणि परवा आमच्याच परसातल्या कढीलिंबावरची अळी मला शेजारच्या काकींनी दाखवली. "ती बघ, पाखराची शीट चालता," म्हणाल्या. मी ज्या डहाळीची पानं खुडत होतो तिच्यावरच होती. काखेत कळसा म्हणतात तो हा. (मॉर्मन जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी अशाच काळ्या-पांढऱ्या, ओल्या शिटेसारख्या दिसतात. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. एवढी मोठी शीट कोण खरी मानणार?)

तुमचं नेमकं काय चुकलं ते तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून कळतं. तुम्ही हिरवा साप शोधत होता. चापडा म्हटलं की बांबूत बसणारा हिरवागार साप डोळ्यांपुढे येतो. पण आंबोलीत पावसाळ्यात दिसतो तो बहुतेक वेळा मलबारी चापडा, आणि तो हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळट असतो, नारिंगीकडे झुकणाराही असतो. तुमचा तपकिरी आहे, पाठीवर गडद डागांची वेडीवाकडी माळ. डोळे हिरवं काहीतरी हुडकत राहिले आणि साप बसला होता भलत्याच रंगाचा.

लपण्याच्या कामात रंगाला आपण फार मान देतो, असं माझं मत झालंय. रंग लागतो, पण तो शेवटचा हात. त्याआधी प्राण्याला अंगाची कड लपवावी लागते, सावली लपवावी लागते, हालचाल लपवावी लागते. आणि या सगळ्याच्याही आधी बसायची जागा अचूक निवडावी लागते.

कडेचं बघू. तिन्हीसांजेला पाणंदीतून कोणी येत असेल तर चेहरा दिसायच्या आधी आपण माणूस ओळखतो, तो त्याच्या बाह्यरेषेवरून. डोळा आधी कडा गोळा करतो आणि मग वस्तू उभी करतो. चापड्याच्या अंगावरचे डाग मध्येच थांबत नाहीत, ते थेट कडेला जाऊन भिडतात आणि कड जागोजाग तोडतात. मग डोळ्याला एक अखंड साप न मिळता पाच-सहा तुकडे मिळतात, आणि प्रत्येक तुकडा आपापल्या शेजारच्या पानाला जाऊन चिकटतो. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली हे फार साध्या पद्धतीने तपासलं. कागदाचे त्रिकोणी खोटे पतंग केले, प्रत्येकाला एक मेलेली अळी टाचली आणि ते ओकच्या बुंध्यांवर लावले. काहींचे ठिपके पंखाच्या कडेला भिडवलेले, काहींचे तसलेच ठिपके कडेपासून आत. रंगात फरक नाही. कडेला भिडलेल्या ठिपक्यांचे पतंग पक्ष्यांच्या तावडीतून जास्त वाचले.

हेच तुम्हाला दिवसाढवळ्या बघायचं असेल तर थंडीत एखाद्या नदीच्या मुखाशी कंठेरी चिखल्या बघा. गळ्यातला काळा पट्टा पुस्तकातल्या चित्रात इतका ठसठशीत, की वाटतं हा पक्षी लपणार कसा? पन्नास पावलांवर तोच पट्टा डोकं धडापासून तोडतो आणि वाळूत उरतात दोन खडे. बिबट्याच्या ठिपक्यांचंही काम हेच, त्यावर जास्त लिहीत नाही, सगळीकडे लिहिलेलं आहे.

सावली मात्र नीट सांगायला हवी, कारण तिच्याकडे कोणी बघतच नाही. आंब्याच्या आणि काजूच्या पानांवर कॉमन बॅरन नावाच्या फुलपाखराची अळी असते. हिरवी, पाठीवरून डोक्यापासून शेपटापर्यंत एक फिकट पिवळी रेघ, आणि दोन्ही बाजूंना पिसांसारखे फांद्या फुटलेले काटे. ती पानाच्या बरोब्बर मधल्या शिरेवर लांब होऊन बसते. तिची रेघ पानाच्या शिरेच्या रेघेत जुळते, बाजूचे काटे पानावर सपाट पसरतात. गोलसर अंग पानावर टेकलं की एरवी कडेला काळी सावली पडते आणि ती सावलीच चुगली करते. इथे काट्यांची झालर अंगापासून पानापर्यंत अशी उतरत जाते, की अळी कुठे संपली आणि पान कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. देवगडकडच्या एका बागायतदारांना मी त्यांच्याच हापूसच्या कलमावर ही अळी दाखवली. चाळीस वर्षं त्या बागेत राबलेले गृहस्थ. म्हणाले, "ह्यां पानच आसा मां?" मी काडीने हलकेच डिवचली तेव्हा पान सरकलं. त्यांनी चष्मा पुसला आणि मग पुढचा तासभर मला सोडलं नाही, प्रत्येक पान उलटंपालटं करून बघत होते.

सावली पुसायचा दुसरा धडा बाजारातच मिळतो. बांगडा हातात घ्या. पाठ निळी-हिरवी, गडद, पोट चांदीसारखं. ऊन वरून येतं, म्हणून एकरंगी मासा पाठीवर उजळ आणि पोटाशी काळवंडलेला दिसला असता, गोल आणि भरीव. बांगड्याचा रंग बरोबर उलटा लावलेला, त्यामुळे ऊन आणि रंग एकमेकांना खोडतात आणि मासा चपटा, विरळ दिसायला लागतो. वरून बघणाऱ्याला गडद पाणी, खालून बघणाऱ्याला चकाकता पृष्ठभाग. अ‍ॅबट थेयर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली हे मांडलं. चित्रकारच तो, गोलाई दाखवायला खाली छाया लावावी लागते हे त्याच्या बोटांना ठाऊक. निसर्ग तेच उलट करतोय हे त्याने ओळखलं. पुढे गडी इतका वाहवला, की फ्लेमिंगो गुलाबी असतो तो सांजसकाळच्या आभाळात मिसळावा म्हणून, असंही म्हणायला लागला. एक किल्ली सापडली की माणूस सगळीच कुलपं तिने उघडायला बघतो.

लेप मासा तर सावलीचा प्रश्नच मुळातून मिटवतो. तो तळाच्या वाळूवर कुशीवर पडूनच राहतो. अंडं फुटून बाहेर येतो तेव्हा त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा सरकत सरकत दुसऱ्या बाजूला जातो. वरच्या कुशीला वाळूचा रंग, खालची पांढरी. ती कुणाला दिसतच नाही, तर रंग कशाला खर्च करायचा? त्याच्याच शेजारी वाळू अंगावर घेऊन पाकट पडलेली असते, म्हणून रापणीवरची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारी, जुनी माणसं उथळ पाण्यात पाऊल उचलून टाकत नाहीत, वाळूतून घासत नेतात. पाय आधी लागला की पाकट उठून जाते. वर पाय पडला तर शेपटीचा काटा पोटरीत.

आता हालचाल. हलू नये हे तर झालंच, पण वारा सुटल्यावर सगळी फांदी हलत असताना एकच काडी स्थिर राहिली तर? हरणटोळ साप अशा वेळी अंग झोक्यासारखं पुढेमागे डोलवतो आणि वेलीबरोबर वेल होतो. घाबरून जावं असा साप तो नव्हे, आणि माणसाची टाळू फोडतो वगैरे जे सांगतात त्यात तथ्य नाही. विष सौम्य, सरडे-बेडकांपुरतं.

हालचाल करून लपणारा आणखी एक इसम तुमच्या रोजच्या बघण्यातला आहे. भातशेतीत, तळ्याकाठी मान आखडून उभा असणारा भुरा बगळा, ढोकरी. पक्ष्यांच्या मराठी नावांत त्याला वंचक म्हणतात, म्हणजे फसवणारा, आणि ज्याने हे नाव दिलं त्याने चिखलात उभं राहून दिलं असणार. उभा असतो तेव्हा मातीचा ढेकूळ. जवळ गेलात की उडतो, आणि अचानक दोन पांढरेशुभ्र पंख. तुमची नजर त्या पांढऱ्यामागे धावते. तो पलीकडच्या बांधाला उतरतो, पंख मिटतो, पांढरं संपतं. तुम्ही अजून पांढरा पक्षी शोधताय आणि तो पुन्हा ढेकूळ होऊन तुमच्याकडेच बघतोय.

जागेचं महत्त्व मला सड्याने शिकवलं, तेही कान धरून. साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना, गवत वाळून गेलेलं, जांभा काळा-तांबडा तापलेला. मी बुटाची नाडी बांधायला एका चिऱ्यावर बसलो आणि दुसरा हात शेजारच्या दगडाला टेकवणार, तेवढ्यात करवतीने लाकूड कापावं तसा खर्रर्र आवाज आला. हात अधांतरी राहिला. वीतभर अंतरावर फुरसं, वेटोळी एकमेकांवर घासत होतं. तपकिरी अंग, पाठीवर फिकट डाग, बाजूंना नागमोडी रेघ. जांभ्याच्या भोकाभोकांत, वाळक्या काड्यांत आणि त्यांच्या सावल्यांत इतकं बेमालूम, की आवाज ऐकल्यावरही ते मला दिसायला वेळ लागला. त्याने तेवढी सूचना दिली म्हणून मी हे लिहितोय. दगडाखाली, दगडामागे न बघता हात घालायचा नाही हा नियम त्या दिवसापासून माझ्या फेरीत पहिला. चावलंच तर मंत्रतंत्र, चिरा देणं, आवळून बांधणं काही नको, हालचाल कमी ठेवून सरळ रुग्णालय गाठायचं; फुरशाच्या विषाने रक्त गोठायची क्रिया बिघडते, त्यावर आपल्याकडचं प्रतिविष उपयोगी पडतं. चापड्याच्या विषावर मात्र ते बनवलेलंच नाही, म्हणून फोटोसाठी त्याच्या तोंडाशी मोबाइल नेऊ नका.

फुरशी इथे होती तरी किती? रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा आजचा सिंधुदुर्ग त्यातच होता) इंग्रज सरकारने ती मारायला बक्षीस लावलं होतं. १८६२ च्या डिसेंबरात बक्षीस वाढवल्यावर काही दिवसांतच लाखाच्या वर फुरशी मारल्याची नोंद आहे. एवढी संख्या असूनही अनवाणी चालणाऱ्या माणसाला ती क्वचितच आधी दिसत.

त्याच सड्यावर रातवा असतो. घरटं नाही, काही नाही, उघड्या जमिनीवर दोन अंडी, वर पक्षी बसलेला. तुम्ही दोन पावलांवर येईपर्यंत हलत नाही. झांबियात जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की नुसती जातच नव्हे, तर एकेक पक्षी आपापल्या अंगाला किंवा अंड्यांना जुळेल अशी जमीन निवडतो. गडद पक्षी गडद जागी, फिकट पक्षी फिकट जागी. आरसा नसताना हे त्यांना कसं जमतं कोण जाणे, पण रातवा एकदा उठवलात आणि तो दुसरीकडे बसला, की निवडलेली जागा सुटल्याने तो बऱ्याचदा लगेच दिसतो. (म्हणून उठवू नका. विशेषतः अंड्यांवरचा. मागाहून कावळा येतोच.) सड्यावरच्या सुट्या दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते, हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस. विज्ञानाला तिची ओळख १९६३ साली रत्नागिरीतल्या डोर्ले गावातून झाली. चिरेखाणीसाठी सडा खरवडला, की रंग कितीही जुळणारा असो, तिला जागाच उरत नाही.

रंग बदलण्याकडे येतो. सरड्यासारखे रंग बदलतो असं आपण पुढाऱ्यांना म्हणतो, ते एका अर्थी बरोबरच आहे, कारण सरडा रंग बदलतो तो प्रामुख्याने दुसऱ्यांना काहीतरी सांगायला. कुंपणावरचा साधा सरडा विणीच्या दिवसांत डोकं लालभडक करतो, ते लपायला कसं असेल? घोयरा सरडा, म्हणजे आपला शॅमेलिऑन, रंग बदलतो त्यात ऊब, राग, भीती यांचा मोठा वाटा असतो. ठिपक्यांच्या टेबलक्लॉथवर ठेवलं की ठिपके येतात या गोष्टी सोडून द्या. जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ साली मादागास्करच्या शॅमेलिऑनवर दाखवलं, की त्याच्या कातडीत बारीक स्फटिकांची जाळी असते आणि त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो.

भोवतालाबरहुकूम रंग बदलण्यात खरा उस्ताद समुद्रात आहे. मालवणच्या खडपांत ओहोटीच्या वेळी एखादा अनुभवी मच्छीमार बरोबर असेल तर डबक्यातला ऑक्टोपस बघा. इथला काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे. माकूल आणि ऑक्टोपस यांच्या कातडीत रंगाच्या सूक्ष्म पिशव्या असतात, प्रत्येकीभोवती स्नायू. स्नायू ताणला की पिशवी पसरते, सैल सोडला की ठिपका होते. हे थेट मेंदूच्या हुकमावर चालतं, म्हणून निमिषात खडक, निमिषात वाळू. ऑक्टोपस तर कातडीवर फोड उठवून शेवाळाचा खडबडीतपणाही आणतो. आणि गंमत अशी, की यांच्या डोळ्यांत प्रकाश टिपणारं रंगद्रव्य एकाच प्रकारचं, म्हणजे आपल्या अर्थाने ते रंगांधळे! रंग न ओळखणारा प्राणी एवढा हुबेहूब मिसळतो, यावरून तरी रंगाचा मान थोडा कमी करा.

हळू बदलणारेही आहेत. सडा वर्षात तीन कपडे बदलतो: श्रावणात हिरवा, कार्तिकात सोनेरी, वैशाखात काळा. काही नाकतोडे कात टाकताना हिरव्याचे तपकिरी होतात. आफ्रिकेत तर वणव्याने जळलेल्या माळावर काळपट नाकतोडे नोंदले गेले आहेत.

एक गोष्ट विसरू नका: लपणं हे कुणाच्या तरी डोळ्यांपासून असतं, आणि ते डोळे बहुधा आपले नसतात. वाघ आपल्याला नारिंगी दिसतो. सांबर-भेकरांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, त्यामुळे तिलारीच्या जंगलातला वाघ त्यांना झाडोऱ्याच्याच छटेत दिसतो. काळा बिबट्या पूर्ण काळा वाटतो, पण रात्री इन्फ्रारेड कॅमेऱ्यात त्याचे सगळे ठिपके स्वच्छ उमटतात.

नजर कशी तयार करायची? सगळ्यात आधी, रंग शोधणं सोडा. झाडोऱ्यात एका काडीची जाडी मध्येच वाढते का, पानांच्या गर्दीत एखादी कड विनाकारण गुळगुळीत आहे का, दोन बाजू तंतोतंत सारख्या आहेत का, ते बघा. पानं कुरतडलेली असतात, प्राणी सममित असतो. डोळा लपवणं सगळ्यांना जड जातं, म्हणून गोल चकाकता ठिपका शोधा. उन्हं तिरपी असताना फिरा, भर दुपारी सावल्या मरतात. रात्री टॉर्च कमरेशी न धरता डोळ्यांच्या रेषेत, गालाजवळ धरा. रातव्याचे डोळे निखाऱ्यासारखे पेटतात, गवतातल्या कोळ्यांचे दवासारखे. अतिनील टॉर्चखाली विंचू हिरवट-निळा चमकतो, लपायची त्याची सगळी मेहनत फुकट.

आणि थांबा. हे कोणी करत नाही. एका जागी दहा मिनिटं उभं राहायचं, पहिली पाच काहीच दिसत नाही. बुलबुल आणि सातभाई एखाद्या झुडपाभोवती कलकलाट करत असतील तर तिथे साप किंवा घुबड आहे असं समजा. एकदा एक चापडा नीट दिसला, की त्याच रात्री दुसरा, तिसरा सोपा जातो. मेंदूत त्याचा साचा बसतो. किडे टिपणाऱ्या पक्ष्यांचंही असंच होतं. तुम्हाला पहिलाच दिसला नाही, म्हणून सगळी रात्र कोरी गेली.

साचा बसवायला तुमचाच फोटो घ्या. चापडा सापडलाय तो वरच्या फांदीवर, डोकं खाली करून, मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडलेली. त्याच्या तोंडाच्या रेषेत खाली या, वीतभर. उजवीकडे एक वाळकं पान आहे, मध्ये घडी पडल्यासारखं. त्याची खालची कड बघा. पानाला पाय नसतात.